कढीपत्त्याची कुंडी जागची हलेना

बोईसर-पालघरकडच्या झाडं लावणाऱ्या मंडळींना एक विचारायचंय.

आम्ही मूळचे साताऱ्याचे. नवऱ्याच्या नोकरीमुळे नऊ वर्षं इथल्या क्वार्टरमध्ये राहतोय. आल्यापासून 'दोनेक वर्षांत परत जाऊ' असंच चाललंय. त्यामुळे जास्वंद असो की मोगरा, वर्षानुवर्षं टिकणारं झाड मी कुंडीतच लावते. जाताना टेम्पोत चढवता येतं.

आज सकाळी सोनचाफ्याचं कलम आणलं. त्याला जागा करायला कढीपत्त्याची जुनी कुंडी सरकवायला गेले, तर ती हलेना. तेवढ्यात जवळच्या दांडी गावाहून मासे विकायला येणाऱ्या हिरामावशी आल्या. त्यांच्याकडचे मासे धुतलेलं पाणी मी याच झाडाला घालते, आणि जाताना त्या याचीच एक डहाळी नेतात.

पाटी खाली ठेवून त्यांनी वाकून पाहिलं. "ओढू नका ताई. मूळ भोकातून भुईत गेलंय."

मग मासे निवडून देता देता म्हणाल्या, "तुमी जाणार, जाणार म्हणता. झाडाला काय ते खरं वाटलं नाय."

त्या गेल्यावर मी सुरीने कुंडी कापून काढली. प्लास्टिकचीच होती.

दुपारी नवरा शिफ्टवरून आला. कुंडीचे तुकडे बघून म्हणाला, "म्हणजे आता इथेच राहायचं?"

मी त्याचं ताट वाढलं.

सोनचाफा अजून नर्सरीच्या पिशवीतच आहे. मोठी कुंडी आणू, की खड्डा खणू?