चार माइकची खोली

अकोल्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे काका भजनात पेटी वाजवतात. त्यांच्या मंडळातले बाकीचे तिघे एकेक करून मुलांकडे पुण्याला, नागपूरला राहायला गेले. ते आले की सगळ्यांचं एकदम रेकॉर्डिंग करायचं, म्हणून काकांनी घरच्या कॉम्प्युटरला चार माइक जोडून ठेवलेत. एकेकाचं वेगळं रेकॉर्ड करून नंतर जुळवता येतं, हे मी सांगून पाहिलं.

"तसं नोको. एकमेकाच्या तोंडाकडे पाहूनच वाजोतो आमी."

रोज संध्याकाळी ते चारही माइक पुसतात. "तबला, तयार हाये ना?" असं रिकाम्या सतरंजीला विचारतात आणि स्वतःच हसतात.

दिवाळीत तिघे येणार होते. काकांनी चिवडा केला, सतरंज्या झटकल्या. दुपारपर्यंत तिघांचेही फोन आले. कोणालाच जमणार नव्हतं. मी मदतीला म्हणून वर गेलो, तर ते म्हणाले, "तू बस तबल्याच्या माइकपाशी."

"मले वाजवता येत नाही, काका."

"वाजवू नोको. नुसता बस."

त्यांनी चारही माइक सुरू केले आणि माझ्याकडे पाहत अख्खं भजन पेटीवर वाजवलं. मधेच मला खोकला आला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते मला ऐकवलं. तबल्याच्या माइकवर लांबून आलेली पेटी होती आणि माझा खोकला.

"खोकला तेवढा काढून टाका ना, काका."

"राहू दे," ते म्हणाले. "कोनीतरी होतं, हे तं समजते."