स्टारला तीट

भांडुपच्या आमच्या शाळेत माझा आवाज प्रसिद्ध होता. मी चौथीच्या वर्गात ओरडले की खालच्या मजल्यावरची पहिलीसुद्धा हाताची घडी घालून बसायची. मला त्याचा अभिमानच होता. त्यामुळे मुलुंडला प्रशिक्षणाला बसवून आम्हाला जेव्हा सांगितलं, की ओरडू नका, संशोधन सांगतं की मूल चांगलं वागताना दिसलं की तिथल्या तिथे, नेमकं काय आवडलं ते बोलून दाखवा, तेव्हा माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. "यांना एक दिवस माझा वर्ग द्या ना," मी शेजारच्या बाईंच्या कानात पुटपुटले. चहा मात्र झकास होता.

पण एक मुलगी अशी होती, की तिच्यापुढे माझा आवाजही थकला होता. टेकडीवरच्या वस्तीतून यायची. बाकावर टिकायची नाही, मधेच उठून दाराशी जायची, कुणी अडवलं की चावायची. म्हटलं, चला, हेही करून बघू. वर्गातल्या प्रत्येकाच्या नावाचं एकेक कार्ड केलं आणि सोनेरी स्टारचं पाकीट आणलं. एकदा तिने शेजारणीचं सांडलेलं पाणी कुणी न सांगता पुसलं. "पाणी पुसलंस, मला आवडलं हं," असं म्हणून मी तिच्या कार्डावर सोनेरी स्टार चिकटवला. चुकून दुसऱ्याच कुणाचा डबा हातात द्यावा, तशी ती बघत राहिली. हळूहळू ती बाकावर बसायला लागली. चावणं थांबलं. मी हरखून गेले, खोटं कशाला बोलू?

त्या हरखण्यातच वाट लागली. परिपाठाला तिला पुढे बोलावून सगळ्या शाळेसमोर कौतुक केलं, टाळ्या वाजवायला लावल्या. दुसऱ्या दिवसापासून बाईसाहेब गायब.

आठवड्याभराने तिची आई आली. मूळची मालवणकडची. पदर खोचून वर्गाच्या दारातच उभी राहिली.

"बाई, माझ्या चेडवाक दिष्ट लागली. इतक्या पोरांसमोर असा कौतुक करतत काय? तापान फणफणला ता. आता बरा आसा, पण शाळा नको. गावाक आजयेकडे धाडतंय."

"अहो, व्हायरल आहे! अर्धा वर्ग तापाने आजारी आहे," मी ओरडले. ती माझ्याहून वरच्या पट्टीत ओरडली. वर्ग हाताची घडी घालून आमच्याकडे बघत होता.

ती रागावली नव्हती, घाबरली होती. हे कळायला मला जरा वेळ लागला. माझं माहेरही कणकवलीकडचं. कुणी म्हटलं, पोर गोरीगोमटी दिसते हो, की आई आधी माझ्या कानामागे काजळाचं बोट टेकवायची आणि मग पाहुण्यांना चहा द्यायची. मुलुंडच्या प्रशिक्षणात हे कोण शिकवणार? आणि ती मुलगी गावाला गेली असती, तर मला फार लागलं असतं.

मी तिचं कार्ड काढलं आणि काळ्या स्केचपेनने प्रत्येक स्टारच्या कोपऱ्यात एक ठिपका दिला. "ही घ्या तीट. आता?"

आईने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "रोज लावतलात?"

"रोज."

"मगे उद्या धाडतंय."

ती आली. मग सगळ्या वर्गालाच स्टारवर तीट हवी झाली. ठिपका नसलेला स्टार कुणी घेईना. स्केचपेनं माझ्या पर्समध्येच राहायला लागली.

पुढे प्रशिक्षण देणाऱ्या मॅडम वर्ग बघायला आल्या. कार्डं बघून म्हणाल्या, "ही शाई सांडली का सगळीकडे?" मी सगळा किस्सा सांगितला. त्या मनापासून हसल्या आणि मुलांकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या बाई किती हुशार आहेत! वाजवा टाळ्या."

टाळ्या चालू असतानाच ती मुलगी न विचारता बाकावरून उठली. माझ्या तोंडाशी आलेलं 'खाली बस' मी कसंबसं गिळलं. तिने टेबलावरचं काळं स्केचपेन उचललं, माझा हात ओढून मला खाली वाकवलं आणि कानामागे टोक टेकवलं.

"काय गं हे?"

"तुमचं पण कौतुक केलं ना, सगळ्यांसमोर," ती म्हणाली. "मग उद्या तुम्ही नाही आलात तर?"