मार्लीनची करडी खिडकी

कॅनडातल्या सॅस्काटूनच्या आमच्या ऑफिसात मार्लीन हॅलुकला दोन गोष्टींचा मनापासून तिटकारा: दुकानातून आणलेले पिरोगी, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्या, आणि ब्राउझरमध्ये चालणारं सॉफ्टवेअर. दोन्हींबद्दल मत एकच. "आत काय भरलंय, देव जाणे."

धान्यकोठारांवर ट्रकचं वजन करतात, त्या काट्यासाठी तिने तरुणपणी एक प्रोग्रॅम लिहिला होता. तो प्रत्येक कॉम्प्युटरवर जाऊन बसवावा लागे. स्क्रीनवर करडी खिडकी, ठसठशीत बटणं. मार्लीनचे नवरे दोन झाले, खिडकी तीच राहिली. मी ग्राहकांचे फोन घेते. तिच्या खिडकीबद्दल तक्रार क्वचितच यायची, म्हणून माझाही त्या खिडकीवर जीव.

मग ब्रेडन मॅनेजर झाला. "मार्लीन, आता सगळं वेबपानावर. थोडी स्क्रिप्ट लिहायची, की झालं."

"माझी खिडकी खरी आहे. तुझं म्हणजे भिंतीवर काढलेलं खिडकीचं चित्र."

"चित्र रंगीत तरी आहे!"

आमचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे शेतकऱ्यांची एक सहकारी संस्था. त्यांनी पान पसंत केलं, तर खिडकी बंद होणार होती. दाखवायला आम्ही तिघं निघालो. गाडीत मार्लीन माझ्या कानाशी लागली. काट्यावरची माणसं वजन पक्कं करायला कीबोर्डवरचं एफ-५ दाबतात, हातमोज्यासकट, न बघता. ब्राउझरमध्ये तेच बटण दाबलं की पान नव्याने उघडतं आणि भरलेलं सगळं पुसलं जातं.

"ब्रेडनला सांगितलंस?"

"मी कशाला सांगू?" म्हणत तिने बटर टार्टचा डबा उघडला. मीही एक घेतला आणि गप्प बसले. फुकटची करमणूक कुणाला नको असते?

संस्थेचा काटा वेंडेल सांभाळायचा, आणि होकारही त्याचाच हवा होता. त्याने ट्रकची माहिती भरली, सवयीने अंगठ्याने एफ-५ दाबलं. पान कोरं! ट्रक काट्यावरून उतरूनही गेला होता. ब्रेडनचा चेहरा त्या पानासारखाच झाला.

"गेलं की रे सगळं!" वेंडेल हसला. "असू दे, ट्रकवाला डग कॉफीला थांबलाय, बोलावतो परत. पण काय रे, हे मला घरून फोनवर दिसेल?"

"दिसेल ना," ब्रेडन पुटपुटला.

"मग झकास! नाहीतर कॉम्प्युटर मेला की या बाईची वाट बघत बसायचं, आणि ही बर्फात अडकलेली. मार्लीन, ते बटण यात जुन्यासारखं चालेल का गं?"

नुसतं 'नाही' म्हटलं असतं, तरी खिडकी वाचली असती. मी टेबलाखालून तिला लाथ मारली.

"बघावं लागेल," ब्रेडन म्हणाला. "टीमला विचारतो. कदाचित जमणार नाही."

"न जमायला काय झालं? चार ओळींचं काम," मार्लीन म्हणाली. "सरक तिकडे."

कंसांना शिव्या घालत तिने स्क्रिप्ट लिहिली. डग ट्रक घेऊन परत आला, वेंडेलने अंगठ्याने एफ-५ दाबलं, वजन नोंदलं गेलं. वेंडेलने तिथल्या तिथे होकार दिला. परतताना मार्लीन पुढच्या सीटवर बसून ब्रेडनला त्याच्या पानातल्या चुका सांगत होती, आणि तो मुकाट्याने "हो, मार्लीन" म्हणत होता.

सुगी संपली आणि खिडकी बंद झाली.

"अगं, एक 'नाही' म्हणायला काय झालं होतं तुला?" मी तिला विचारलं.

"वेंडेलसमोर? मला येत नाही म्हणून? गावभर करेल तो!"