नव्वद नंबरची पट्टी

दत्तोबा बिरादार हैदराबादेत आमच्या अंबरपेठेतले केबलवाले. मूळचे भालकीकडचे. घरची शेती भावाला सोडून इथं आले, टीव्ही दुरुस्त करता करता गच्चीवर छत्र्या बसवल्या आणि गल्लीगल्लीत वायरी ओढल्या. एकेकाळी सहाशे घरं होती त्यांच्याकडे. आवाज असा की चौकात बोलले तर माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. केबल गेलं म्हणून फोन केला की म्हणायचे, "येतो की हो बाई, मी काय पळून चाललोय का?" आणि वाटेत निवांत चहा पिऊन यायचे. त्यावरून माझी त्यांच्याशी किती भांडणं झाली असतील! मॅचच्या दिवशी तर आमचे हे, म्हणजे भगवंतराव, त्यांच्या नावानं नुसते खडे फोडायचे.

पण दत्तोबांचं स्वतःचं एक चॅनल होतं. नव्वद नंबर. त्यावर दिवसभर भजनं नाहीतर कुणाच्या तरी लग्नाची कॅसेट चालायची, ती कुणी बघत नसे. बघायची ती खालची पट्टी. काळ्या पट्टीवर पांढरी मराठी अक्षरं सरकत जायची. कुणाकडे मुंज आहे, कुणाकडे सत्यनारायण, कुणाचा पोपट उडाला, आणि कुणी गेलं की, "कळविण्यास अत्यंत दुःख होते..."

आमच्या लोकांत मयत झालेल्या घरानं स्वतः कुणाला सांगायचं नसतं. ते शेजाऱ्यांचं काम. पूर्वी कुणीतरी सायकल काढून बरकतपुऱ्यापासून काचीगुड्यापर्यंत दारोदार जायचा. दत्तोबांनी ते काम पट्टीवर घेतलं आणि त्याचा एक पैसा कधी कुणाकडून घेतला नाही. सकाळी दूध तापवता तापवता बायका एकदा नव्वद नंबर लावून बघायच्या. ज्यांचं केबल बंद असेल त्यांना शेजारीण जाऊन सांगायची. माझे सासरे गेले तेव्हा आम्ही एकसुद्धा फोन केला नव्हता. दहा वाजेपर्यंत आमच्या जिन्यात उभं राहायला जागा नव्हती.

आणि पट्टी लागली की सगळ्यांच्या आधी हजर कोण, तर गंगूवहिनी, दत्तोबांची बायको. बुटक्या, ठसठशीत कुंकू लावणाऱ्या, तोंडानं फटकळ. मयताच्या घरात त्या सरळ आत शिरायच्या. गेलेल्या बाईला न्हाऊ घालायला, लुगडं नेसवायला त्यांचाच हात पुढं. बाकीच्या आम्ही दाराशी पदर तोंडाला लावून उभ्या. रडणाऱ्यांनाही त्याच दटावायच्या, "बास आता, पोरांच्या पोटात काही गेलंय का सकाळपासून?"

एकदा माझ्याकडे मेथी निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "मीनाताई, मला ना पोरगा ना पोरगी. पण माझ्या वेळी गल्ली भरली पाहिजे बघा. इतक्या जणींना न्हाऊ घातलं मी. माझ्यासाठी कुणी यायला नको?"

"गप बसा वहिनी, सकाळी सकाळी काय हे अभद्र!" मी म्हटलं.

"अभद्र कसलं त्यात? सांगून ठेवते."

त्या थट्टा करत नव्हत्या, हे मला तेव्हाही कळलं होतं.

तीन वर्षांपूर्वी वहिनींच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू गेली ती गेलीच. दत्तोबा त्यांचं सगळं करायचे, वेणीसुद्धा घालायचे, वाकडीतिकडी. त्याच सुमारास त्यांची गिऱ्हाइकं गळायला लागली. कुणी मियापूरला फ्लॅट घेऊन गेलं, कुणी नेट घेतलं. एक मोठी कंपनी त्यांची लाइन विकत घ्यायला आली होती. नव्वद नंबर मात्र बंद करावा लागेल म्हणाली. दत्तोबांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. भाजीच्या गाडीपाशी मला म्हणाले, "गंगू आहे तोवर पट्टी चालणार, मीनाताई. तिची बातमी तेवढी माझ्या हातानं लावू द्या. मग घेऊन जा म्हणावं वायरी." ते सगळ्या अंबरपेठेला माहीत होतं. मला तर त्यांनी तोंडानं सांगितलं होतं.

तरी मी केबल काढलं.

आमचा गौतम गच्चीबावलीत कंपनीत आहे. एका रविवारी नवा टीव्ही घेऊन आला आणि सुरू झाला. "आई, हे केबल कायकू ठेवलंय अजून? महिन्याला साडेचारशे! आणि बघता काय, दोन चॅनल." टीव्हीच्या मागं त्यानं बोटाएवढी काडी खोचली, दोन ॲप घातले, आणि ट्रूप बझारातून फुकटच्या चॅनलांची छत्री आणून गच्चीवर बसवली. "ही घे तुझी सह्याद्री. दीडशे रुपयांत सगळा मामला." हे तर खूषच झाले. त्यांना जुने पिक्चर पाहिजे तेव्हा लावता येऊ लागले, कानाला ते हेडफोन लावून बसले की हाक मारली तरी ओ देईनात.

मी म्हटलं, "आणि नव्वद नंबर?"

"ती पट्टी? आई, मराठी एक ओळ वाचायला मला पाच मिनिटं लागतात, तोवर पट्टी जाते निघून." आम्ही सगळे हसलो. मीही हसले, लाज नाही वाटली.

आता दत्तोबांना सांगायचं कसं? वीस-पंचवीस वर्षांची भीड. सरळ "काढून टाका" म्हणायला जीभ रेटेना. मी फोन करून सांगितलं, "टीव्ही जळाला हो आमचा. दुरुस्त झाला की कळवते."

"हौ हौ, काही घाई नाही," ते म्हणाले. "वायर तशीच ठेवतो. बॉक्सपण राहू द्या."

मग दोन महिने मी त्यांच्या गल्लीनं जायचंच टाळलं. भाजीलासुद्धा लांबच्या वळणानं जायची. गंगूवहिनींना बघायला दर आठ दिवसांनी जात होते, तेही सुटलं. एका खोट्यापायी.

मे महिन्यात गौतम म्हणाला, "तो बॉक्स परत तरी दे, धूळ खातोय." एका गुरुवारी मन घट्ट करून मी बॉक्स पिशवीत घातला आणि निघाले. म्हटलं, चार शब्द ऐकून घेऊ. दत्तोबा ओरडतील, ओरडू देत.

ते दारातच पायरीवर बसले होते. दाढी वाढलेली. शेजारी भिंतीला वहिनींची खाट उभी करून ठेवलेली. मी आपली मोकळं वाटावं म्हणून बडबडायला लागले, "काय दत्तोबा, खाटेला ऊन दाखवताय का? ढेकूण झाले वाटतं? वहिनी कुठं झोपल्यात मग?"

त्यांनी मान वर केली. मग हळूच म्हणाले, "तुम्ही पट्टी बघितली नाही?"

माझ्या हातात त्यांचा बॉक्स होता.

"रविवारी पहाटे गेली," ते म्हणाले. "सहा वाजता पट्टी लावली. अकराला निघणार म्हणून लिहिलं. आज पण चालूच आहे ती, बंद नाही केली."

मला काय झालं कोण जाणे, मी त्यांच्यावरच ओरडले. "अहो, फोन करायचा ना! एक फोन! दोन गल्ल्या पलीकडं राहतो आम्ही!"

"मी कसा करणार?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "माझ्याच घरचं मयत, मीच सांगत सुटू? तुमच्या सासऱ्यांच्या वेळी तुम्ही केला होता का कुणाला?" मग म्हणाले, "तुमचा टीव्ही जळालाय ते ध्यानात होतं माझ्या. म्हटलं, सावित्रीबाई सांगतील तुम्हाला."

सावित्रीबाई माझ्या शेजारच्या. त्यांनी माझ्याही आधी केबल काढलं होतं. दत्तोबांना सांगितलं होतं, नातवाची परीक्षा आहे, झाली की परत लावू. त्यांच्या पलीकडच्यांनी सांगितलं होतं की घराला रंग द्यायचाय. कुणी गावाला जाणार होतं, कुणाच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं. सगळ्यांनी भिडेपोटी काहीतरी ठोकून दिलेलं, आणि ह्या बाबानं सगळं खरं मानलं. वायरी तर सगळीकडे तशाच होत्या, परीक्षा झाली, रंग झाला की लोकांनी बॉक्स परत लावले असणार. त्यांच्या हिशेबी निम्मी मराठी घरं पट्टी बघत होती आणि उरलेल्यांना सांगत होती. पण मराठी वाचणारं एकही घर त्या लाइनवर राहिलं नव्हतं. होती ती थोडी तेलुगू आणि उर्दू बोलणारी. त्यांना त्या अक्षरांत काय कळणार?

आमचा मराठी मंडळींचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, दोनशे माणसांचा. रोज सकाळी गुलाबाची फुलं येतात त्यावर. रविवारीही आली होती. दत्तोबांकडे बटणांचा फोन.

बाकीचं मला कुलदीपनं सांगितलं. हा त्यांचा लाइनमन, पन्नाशीला आलेला, त्यांच्याबरोबर वीस वर्षं खांबांवर चढलेला. त्याला मराठी येत नाही, हिंदीतच बोलला, बोलताना माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता.

वहिनींना न्हाऊ घालायला बाई नव्हती. शेवटी खालच्या मजल्यावरची भाग्यलक्ष्मी, चार महिन्यांची भाडेकरू, ती वर आली. तिला आपली पद्धत ठाऊक नाही. दत्तोबा दाराआडून एकेक सांगत गेले आणि तिनं केलं. लुगडं नेसवता येईना, तेव्हा साडीच गुंडाळली.

बाहेर रस्त्यावर वैकुंठरथ येऊन थांबला होता. गल्ली अरुंद, गाडी आत येत नाही, तिरडी गल्लीच्या तोंडापर्यंत खांद्यावरच न्यायला पाहिजे. पुरुष होते चार. दत्तोबा, कुलदीप आणि रिक्षा स्टँडवरचे दोघे. पण दत्तोबांना विस्तवाचं मडकं धरून पुढं चालायचं होतं. म्हणजे खांद्याला तीनच. कुलदीप म्हणाला, मी जाऊन कुणाला तरी बोलावून आणतो. दत्तोबांनी त्याला अडवलं. "थांब. पट्टी लागलीये. येतील लोक." कुलदीपनं कळवलेला भालकीचा पुतण्या बसमध्ये होता, तो तीनच्या आत पोचणार नव्हता, आणि बाहेर मेचं ऊन.

अकराचे बारा झाले. बाराचा एक. दत्तोबा दोनदा आत जाऊन टीव्ही लावून बघून आले, पट्टी बरोबर चाललीये ना म्हणून. चाललेली होती. नाव बरोबर, पत्ता बरोबर, वेळ बरोबर.

एक वाजता रथाचा ड्रायव्हर कंटाळून वर आला. त्यानं पाहिलं, चपला काढल्या आणि चौथा खांदा दिला. त्याचं नाव कुलदीपलाही माहीत नाही.

मी घरी आले आणि ह्यांच्यासमोर उभी राहिले. हेडफोन ओढून काढले कानावरचे. "रविवारी अकरा ते एक काय करत होता तुम्ही?"

"पिक्चर बघत होतो. का गं?"

मी सांगितलं. ह्यांनी टीव्ही बंद केला आणि संध्याकाळपर्यंत त्या बंद टीव्हीसमोरच बसून राहिले. ह्यांचा खांदा अजून चांगला आहे. पोतंभर तांदूळ वर चढवतात.

त्या दिवशी मी फोन घेऊन बसले. जुनी वही काढली, एकेक नंबर लावला. मियापूर, कुकटपल्ली, बरकतपुरा, सगळीकडे. प्रत्येक जण तेच म्हणायचा, "अगंबाई, कळलंच नाही हो!" मी प्रत्येकाला एकच विचारलं, "केबल कधी काढलं तुम्ही?" त्या फोनवर मी कुणाकुणाला काय काय बोलले, आता आठवून लाज वाटते, पण तेव्हा तोंड आवरत नव्हतं. खरं म्हणजे मी मलाच शिव्या देत होते. सगळ्यांना बजावून सांगितलं, तेराव्याला यायचं, कारणं सांगायची नाहीत.

आली हो माणसं. तेराव्याला साठ-सत्तर जण आले. गौतमनं सुट्टी काढली, गाडीनं खुर्च्या आणल्या. गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. बायका वहिनींच्या फोटोसमोर डोळे पुसत होत्या, पुरुष माना खाली घालून उभे. सावित्रीबाईंनी खीर केली होती. ह्यांनी दत्तोबांपुढं हात जोडले. दत्तोबा त्यांचा दंड धरून म्हणाले, "जेवून घ्या आधी."

पंगत बसली. मी भाताचं पातेलं घेऊन वाढत वाढत दारापर्यंत आले. दत्तोबा तिथं उभे राहून गल्ली बघत होते, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकेक तोंड. मला वाटलं, बरं वाटलं असेल त्यांना. म्हणून मी जवळ जाऊन म्हटलं, "बघा, सगळे आले दत्तोबा. वहिनींची गल्ली भरली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा तो एवढा मोठा आवाज, पण मला एकटीलाच ऐकू येईल इतक्या हळू म्हणाले, "आता कशाला बोलावलंत हो, मीनाताई?"

रागावून म्हणाले असते तर मी पाय धरले असते. ते नुसतं विचारत होते. पंगतीतून कुणीतरी भात मागितला, तशी मी वळले आणि वाढायला गेले.