कीड आत ठेवून बसवलेली टोपी

लेक सहा वर्षांची असताना तिच्या खालच्या दाढेत खड्डा पडला. ती एकाच बाजूने चावायची आणि गार पाणी प्यायली की गाल धरून बसायची. मी तेव्हा सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात तपासणीला होते. तयार भाग उजेडात धरायचा आणि खोट शोधायची, आठ तास हेच काम. घरी आल्यावरही माझी नजर तशीच राहायची.

सासूबाई म्हणाल्या, "दुधाचे दात हायेत, पडनारच की. दवाखाना कशाला?"

तरी मी तिला गावातल्या दातांच्या नव्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर मॅडम अगदी तरुण होत्या. दाढ पडायला अजून चार-पाच वर्षं आहेत, तोवर तिच्यावर स्टीलची टोपी बसवू, म्हणाल्या.

"भूल देणार?"

"गरज नाही."

"मग कीड कशी काढणार?"

"काढायची नाही. आतच बंद करायची. बाहेरून खायला मिळालं नाही की ती वाढत नाही."

कीड आत ठेवून वरून झाकण! कारखान्यात कुणी असं केलं असतं तर मी अख्खा ट्रे बाजूला काढला असता. पण लेकीच्या ठणक्यापुढे मी मान डोलावली.

आधी दाढेच्या दोन्ही बाजूंच्या फटींत रबरी कड्या बसवल्या, टोपीला जागा व्हावी म्हणून. तिसऱ्या दिवशी त्यातली एक गायब. मी अंथरूण झटकलं, लेकीचं तोंड पुन्हा पुन्हा उघडून पाहिलं. "गिळली असेल, काही होत नाही," मॅडम फोनवर इतक्या सहज म्हणाल्या की माझा संशय आणखी वाढला.

टोपी बसवायला दहा मिनिटंही लागली नाहीत. तीन मापं लावून पाहिली, एकीत दात चिकटवायचं सिमेंट भरलं आणि ती दाढेवर बोटाने दाबली. "चाव, जोरात चाव." लेकीने आंबट तोंड केलं. हिरडी पांढरी पडलेली मला दिसली. घरी आल्यावर मी तिला दात मिटायला लावले, तर दुसऱ्या बाजूचे दात एकमेकांना टेकतच नव्हते. पुन्हा फोन केला.

"दोन-तीन आठवड्यांत आपोआप जुळतील."

आपोआप काही जुळतं यावर माझा कधीच विश्वास नव्हता. त्याच आठवड्यात अर्धी रजा टाकून, घरात कुणाला न सांगता, मी लेकीला एसटीने नगरला दातांच्या एका वयस्कर डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक्स-रे काढला आणि बराच वेळ पाहिला.

"कुणी बसवली?"

"गावाकडं एकांनी."

"मी असतो तर आधी कीड कोरून काढली असती. आमची सवय तशी. पण ही पद्धतही आहे, आणि टोपी नीट बसलीय. काढा म्हणालात तर मी काढणार नाही."

ते ऐकूनही मला हायसं वाटलं नाही. डॉक्टर डॉक्टरांचीच बाजू घेणार, असं वाटत राहिलं.

महिन्याभराने मॅडमकडे तपासणीला गेलो. तोवर दात खरंच जुळले होते. खुर्चीत बसल्या बसल्या लेक म्हणाली, "आमी नगरला दुसऱ्या डॉक्टरांकडं गेल्तो." मला कुठे बघावं कळेना.

मॅडमनी हातातला आरसा खाली ठेवला. "काय म्हणाले ते?"

मी सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "कॉलेजात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही खरं वाटलं नव्हतं. अजूनही पुढचा एक्स-रे येईपर्यंत थोडी धाकधूक असतेच." इतक्या दिवसांत मला त्यांचं हेच एक वाक्य पूर्ण पटलं.

तरी पुढची चार वर्षं आठवड्यातून एकदा मी लेकीला "आ कर" म्हणत राहिले. ती वैतागायची. दाढ मात्र एकदाही दुखली नाही.

पाचव्या वर्षी शेंगदाणे खाताना दाढ टोपीसकट तिच्या हातात आली. मी ती धुऊन खिडकीशी नेली आणि खालून आत पाहिलं. दुधाच्या दातांची जातात तशी मुळं विरघळून गेली होती. आत तपकिरी डाग होता, टाचणीने टोचला तर दगडासारखा कडक. वास नाही, भुगा नाही. हिरडीत नव्या दाढेचं टोक दिसत होतं. मी ती पुन्हा उजेडात फिरवणार, तेवढ्यात लेकीने हातातून ओढून घेतली. "बास आता! मला वर्गात दाखवायचीय," म्हणत ती दप्तर घेऊन पळाली.