मामंजींना मी 'होते' केलं

माझ्या सासऱ्यांना मी मारलं, तेव्हा ते पहिल्या रांगेत बसून पान चघळत होते.

लग्न करून सांगलीहून मद्रासला आले, त्याच वर्षीची ही गोष्ट. सासर तंजावरकडचं, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात मुरलेलं. मराठीच बोलत, पण अशी की सुरुवातीला मी नुसती मान हलवायची! मराठी मंडळाच्या दिवाळी संमेलनात मला स्वतःची कथा वाचायची होती. विषयासाठी लांब जावं लागलं नाही. घरात मामंजी होतेच! (पाहा, खोड अजून जात नाही.)

कथा मी आधी चांगली वर्तमानकाळात लिहिली होती. रावसाहेब (मंडळात मामंजींना सगळे असंच म्हणत) रोज समुद्रावर फिरायला जातात, छत्री नेतात पण उघडत नाहीत, कॉफी गार आहे म्हणून परत पाठवतात. आमच्या ह्यांनी ती वाचून नाक मुरडलं.

"ही कथा आहे की क्रिकेटचं धावतं समालोचन? कथेत सगळं घडून गेलेलं असतं. 'होते' लिही, 'असत' लिही!"

'असत' मला भलतंच आवडलं. एका बैठकीत सगळी क्रियापदं बदलली. रावसाहेब फिरायला जात असत, कॉफी परत पाठवत असत. वाचताना आपण मोठ्या लेखिका झालो असं वाटायला लागलं.

संमेलनात मी पहिलंच वाक्य म्हटलं, "रावसाहेब फार प्रेमळ होते," आणि मांडीवर छत्री घेऊन बसलेल्या मामंजींकडे सगळ्या सभेने वळून पाहिलं. पहिल्या 'असत'ला कोणीतरी हळहळलं. मागून एका आजीबाईंनी विचारलं, "पापम, बिचारे! कधी गेले?" सासूबाईंनी मंगळसूत्र घट्ट धरलं. मी घाबरून भरभर वाचायला लागले, त्यामुळे मामंजी आणखी भरभर मेले!

घरी येताच सासूबाई कडाडल्या, "अय्यो, काय केलीस गे! जित्या माणसाला 'होते' मणतात? आम्ही 'जातों' पण मणत नाही, 'जाऊन येतों' मणतों!"

मामंजी कॉफी नको म्हणाले आणि आडवे झाले. कॉफी नको! त्या घरात माझ्याशी मनापासून हसून बोलणारं माणूस एकच, ते म्हणजे मामंजी.

सकाळी ते समुद्रावर गेले. ऊन अंगणात आलं तरी परत येण्याचं चिन्ह नाही. सासूबाईंनी देवापुढे समई लावली आणि माझ्याकडे पाहणंही सोडलं. हे सायकल काढून शोधायला धावले. मी कथेचे कागद काढले आणि रावसाहेबांना जिवंत करायला बसले. 'होते' खोडलं, 'आहेत' केलं. 'जात असत' खोडलं, 'जातात' केलं. एका ठिकाणी घाईत 'जातील' लिहिलं गेलं, आणि मला रडूच कोसळलं! शेवटच्या पानापर्यंत ते आले नाहीत, तर ते माझ्यामुळेच गेले, अशी माझी पक्की खात्री झाली होती.

इतक्यात फाटक वाजलं. मामंजी! मागे त्यांचे दोन म्हातारे मित्र.

"इतका वेळ कुठं राहिलांत हो?" सासूबाई ओरडल्या.

"सगळ्यांस सांगत बसलों! खोटी मरणवार्ता उठली की आयुष्य वाढतं मणतात. समुद्रावर समद्यांनी माझं अभिनंदन केलं!"

"पण मामंजी, काल तुम्ही कॉफीसुद्धा घेतली नाहीत," मी डोळे पुसत म्हटलं.

"हिशेब करत होतों. पाच वर्षं वाढलीं की धा!" तेवढ्यात त्यांची नजर माझ्या कागदांवर गेली आणि चेहरा उतरला. "हें काय? 'आहेत' कां केलीस? सगळं परत 'होते' कर बघूं! आणि या दोघांनाही कुठंतरी घाल. यांची तब्येत बरी नसते."

मी मुकाट्याने तिघांनाही भूतकाळात घातलं. पुढे मंडळातले म्हातारे एकेक करून आमच्या घरी येऊ लागले. कोणी भाजी आणायचं, कोणी नुसताच खोकून दाखवायचं. मी कोणालाही नाही म्हटलं नाही. सगळे ठणठणीत जगले, मामंजी तर नव्वदी ओलांडून गेले. माझी कथा बरी होती का, हे मात्र त्यांच्यातल्या एकानेही मरेपर्यंत सांगितलं नाही!