मधल्या सीटवरची गार्गी

शाळेच्या गेटवर चार आया अर्धा तास उभ्या राहिल्या की एक तरी किस्सा निघतोच. पाम गावाहून बोईसरला एकाच व्हॅननं जाणाऱ्या आमच्या पोरींची दहावी सुरू झाली, आणि किश्शांना ऊतच आला. पहिल्यांदा मीही खूप हसले. नंतर मात्र हसू येईना.

*

तन्वीची आई सुजाता आमच्याच गावातली, पुढच्या नाक्यावरची. सहामाहीनंतर ती सांगत आली, "अगं, तन्वीचा युनिफॉर्म भिजवला, तर खिशातल्या चिठ्ठ्यांसकट बादलीत अख्खा इतिहास विरघळला!"

आम्ही पोट धरून हसलो. माझी गार्गी मात्र हसली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "आई, वर्गात सगळेच कॉपी करतात. मी रात्रंदिवस वाचते आणि तन्वीला माझ्याहून जास्त मार्क!" आणि रडायलाच लागली.

हे तारापूरच्या कंपनीत शिफ्टला जातात. रात्री घरी आल्यावर जेवता जेवता म्हणाले, "पोरांचं पोरांत राहू दे. आपण मध्ये पडायचं नाही."

*

पण आईचा जीव! गेले मी वर्गशिक्षिकेकडे. "बाई, मी कुणाचं नाव घेणार नाही. फक्त जरा लक्ष ठेवा."

बाईंनीही कुणाचं नाव घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांच्या जागा बदलल्या, खिसे तपासले आणि गार्गीला मॉनिटर केलं!

चुगली कुणाच्या घरून झाली, हे मधल्या सुट्टीपर्यंत अख्ख्या वर्गाला कळलं.

*

व्हॅनमधली मधली सीट पाचवीपासून तिघींची. गार्गी, तन्वी आणि मनाली. डबा तिथेच उघडायचा, भांडणंही तिथेच. त्या दिवसापासून गार्गीच्या जागेवर तन्वीचं दप्तर बसायला लागलं.

व्हॅनवाले मामा एकदा मला म्हणाले, "ताई, तुजी पोर आता पुढं माज्या बाजूला बसते. काय बोलत नाय. मीच आपला बडबडतो."



*

पालकसभेत मी धीर करून कॉपीचा विषय काढला. मनालीचे पप्पा उठले, "डबा वाटून खा, हे आपणच शिकवलं ना? मग उत्तरं वाटून घेतली तर एवढं काय!"

सगळे खो-खो हसले. सुजाता नाही हसली. बाहेर आल्यावर माझा हात धरून म्हणाली, "तुजी हुशार हाय गं. माजी नापास झाली, तर तिचे पप्पा शाळाच बंद करणार तिची. तवा कोण येनार मध्ये पडायला?"



*

पूर्वपरीक्षेचा शेवटचा पेपर गणिताचा होता. नाक्यावर व्हॅन थांबली. पुढची सीट रिकामी! गार्गी मधल्या सीटवर, दोघींच्या मध्ये. मांडीवर तन्वीचा डबा, तोंडात घास, आणि कितीतरी महिन्यांनी ते तिचं खिदळणं.

"काकी, पेपर एकदम भारी गेला!" तन्वी ओरडली. "आम्हा तिघींचापण!"

गणितात कायम काठावरची तन्वी.

मामाही खूश होते. "ताई, आज पोर हसली बग! लय बरं वाटलं."

गार्गी खाली उतरली. व्हॅन वळेपर्यंत हात हलवत राहिली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आई, आता बाईंकडे जाऊ नकोस हं."